प्रवासाचं कारण : जेवायला

माझं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. "रस्त्यावर गाड्या अडवते," म्हटलं की समोरचा माणूस जरा मागं सरकतो. पोलीस आहात का? नाही. आरटीओ? नाही. मग टोलवाल्या? तेही नाही. मी गाडी अडवते आणि आतल्या माणसांना विचारते, कुठून आलात, कुठं चाललात, कशासाठी चाललात. झालं काम. माझ्या सासूबाईंना तर शेवटपर्यंत पटलं नाही की असल्या नसत्या चौकशा करायला कुणी पगार देतं. "गावातल्या बाया फुकट करतात की गं हे," असं त्या म्हणायच्या.

पण या चौकशांशिवाय रस्ता होत नाही. एखादा रस्ता रुंद करायचा, बाहेरून वळवायचा किंवा पूल बांधायचा म्हटलं की आधी कळावं लागतं की त्यावरून कोण, कुठून, कुठं जातं. गाड्या मोजायला आता कॅमेरे आलेत, पण गाडी कशासाठी चालली हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. ट्रकवाल्यांना विचारणारी टोळी वेगळी. आमच्याकडं प्रवासी गाड्या: कार, जीप, काळी-पिवळी. आणि सगळ्यात जास्त काम राज्यांच्या हद्दीवर. देगलूरच्या पुढं तेलंगण, उदगीरच्या पुढं कर्नाटक. या दोन हद्दींवर माझी उमेदीची वर्षं गेली, आणि चांगली गेली.

कामाचे दोन-तीन नियम आहेत. आपण मोकळे झालो की जी गाडी पुढं येईल तीच थांबवायची, निवड करायची नाही. हसरा ड्रायव्हर बघून हात केला तर महाराष्ट्रात सगळे हसरेच लोक राहतात असा हिशोब निघेल. गाडी बंद करायला सांगायची नाही. इंजिन चालू असलं की माणसाला वाटतं आपण निघालोच आहोत, आणि तो पटकन खरं बोलतो. आणि पहिला प्रश्न, कुठं चाललात, हा त्याच्या भाषेत. "एक्कडिकि?" म्हटलं की तेलुगू माणूस काच पूर्ण खाली करतो. "यल्लिगी?" म्हटलं की कानडी माणूस आधी हसतो, कारण माझी कानडी हसण्यासारखीच आहे.

उत्तरं मात्र सरळ मिळत नाहीत. "कुठून आलात?" "घरून." "कुठं चाललात?" "गावाला." आता घर कुठलं आणि गाव कुठलं, हे काढून घेण्यात आमचं कसब. हद्दीवरच्या माणसांचं घर एका राज्यात, रान दुसऱ्या राज्यात, आणि लेक तिसऱ्या राज्यात दिलेली. त्यांना हद्द दिसतच नाही. ती फक्त आम्हाला आणि दारूच्या दुकानदारांना दिसते.

देगलूरच्या नाक्यावर एकदा एका कारमध्ये एक मुलगा आणि एक मुलगी होती. दोघांचे चेहरे उतरलेले. "कशासाठी चाललात?" विचारलं तर मुलगा म्हणाला, "लग्नाला." मी सवयीनं विचारलं, "कुणाच्या?" मुलगीच म्हणाली, "आमच्याच. लवकर जाऊ द्या ना, काकू." मी 'लग्नकार्य' टिपलं आणि गाडी सोडली. जरा वेळानं मागून एक जीप भरून माणसं आली, तीही लग्नालाच चालली होती, पण त्यांच्याकडं काठ्या होत्या. त्या दिवशी मी त्यांना इतके सविस्तर प्रश्न विचारले की माझ्या टोळीतली पोरं बघतच राहिली.

दुसऱ्या एका जीपमध्ये बाया मोठमोठ्यानं रडत होत्या. मयतीला चालल्या होत्या. मी हात जोडून म्हटलं, "जाऊ द्या, तुमचं नाही विचारत." तर त्यातली थोरली एकदम गप्प झाली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "इचार की. सगळ्याला इचारायलीस, आमालाच का न्हाई?" सगळी उत्तरं नीट दिली, किती जणी, किती वेळा जाणं होतं, येताना याच रस्त्यानं येणार का. मग ड्रायव्हरला "हं, चल" म्हणाली आणि सगळ्या पुन्हा रडायला लागल्या. या माणसांनी मला कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. पण ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले तो दिवस गेल्या येळवशीचा.

मराठवाड्याबाहेरच्यांना येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावस्या. कागदावर वेळ अमावस्या, तोंडी येळवस. लातूरकडं आणि शेजारच्या कर्नाटकात हा दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे रानात. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग जेवण. भज्जी म्हणजे बेसनात शिजवलेल्या सगळ्या भाज्या-शेंगा, उंडे म्हणजे बाजरीचे वाफवलेले गोळे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं बोलवायचं. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारायची, आणि बोलावलेला माणूस आल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही, ही जुनी रीत; आता ती कुणी फारशी पाळत नाही.

आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी उदगीर-बिदर रस्त्याचा सर्वे नेमका याच दिवशी लावला. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो साधा कामाचा वार होता. मी फोन केला, "साहेब, त्या दिवशी येळवस आहे." ते भले माणूस, पण पुण्याचे. म्हणाले, "ताई, अमावस्या वगैरे आपण मानत नाही ना?" आता यांना काय सांगायचं, म्हणून मी तंबू बांधायला घेतला.

सकाळपासून रस्त्यावर नुसती गर्दी. प्रत्येक गाडीत पाचाच्या जागी दहा माणसं, मांडीवर पातेली, टपावर आंबिलीचा डेरा. "कशासाठी चाललात?" "जेवायला." आमच्या टॅबमध्ये कारणांची यादी असते: नोकरी, धंदा, शिक्षण, दवाखाना, देवदर्शन, लग्नकार्य आणि शेवटी 'इतर'. जेवायला जाणं त्यात नाही. पोरं 'इतर', 'इतर' दाबून दाबून कंटाळली. माझा जुना जोडीदार मोहसीन उदगीरचाच. तो म्हणाला, "ताई, पुण्याला वाटेल सगळा जिल्हा इतर झाला." आणि झालंही तसंच. तो दिवस नंतर रद्द धरला गेला आणि आठवड्यानं आम्ही पुन्हा उभे राहिलो.

शिवाय प्रत्येक गाडी आम्हाला जेवायला बोलवायची. नाही म्हटलं तर माणसं वाद घालत बसतात आणि मागं रांग लागते. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, येते म्हणायचं. "येते, तुम्ही व्हा पुढं." त्या दिवशी असं आम्ही किती जणांना म्हणालो असू, देव जाणे. येळवशीला सगळेच असं म्हणतात.

उन्हं वर आली होती तेव्हा बिदरकडून एक बोलेरो आली. चालवणारा तिशी-पस्तिशीचा, नाव बालाजी. मधल्या सीटवर उशाला चादर घेऊन एक म्हातारे आडवे झालेले, आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन बालाजीची बायको बसलेली. मी बालाजीला विचारायला लागले तर मागून आवाज आला, "त्याला काय इचारताव बाई? घरचा कारभारी मी हाय. मला इचारा."

मी मागच्या खिडकीशी गेले. "कुठून आलात, अण्णा?"

"बिदरहून. दवाखान्यातून."

"कुठं चाललात?"

"रानात. ह्ये काय, पुढं रस्त्याकडंलाच हाय. निंबाखाली खोप दिसंल."

"कशासाठी?"

"आज काय हाय? येळवस करायला."

सुनेनं हळूच मला खुणावलं. पोटाचं ऑपरेशन झालंय, ती म्हणाली, पण तेव्हापासून अण्णा अन्नाला शिवत नाहीत. डॉक्टर कंटाळले. घरी न्या म्हणाले, घरचं पातळ काही पोटात गेलं तर निभावेल. नाही गेलं तर उद्या परत आणा, नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयाला ते सोसेल याची खात्री नाही. "येळवशीची आंबील पितो म्हनालेत," ती म्हणाली. "त्याच आशेवर आनलाव."

मी मागची रांग विसरून म्हटलं, "मग प्या हो अण्णा, पोटभर प्या."

अण्णा माझ्याकडं बघत होते. "आडनाव काय तुमचं?"

आपल्याकडं हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मला चांगलं ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मी लोकांना जितके प्रश्न विचारले, त्यापेक्षा हा एक प्रश्न लोकांनी मला जास्त वेळा विचारला असेल. मी म्हटलं, "कांबळे. मुदखेडला असते. मूळ गाव इकडंच, उदगीरजवळ."

"कांबळे," अण्णा म्हणाले. जरा थांबले. "मग जेवायला या. पयली पत्रावळ तुमची."

"येते की अण्णा, तुम्ही व्हा पुढं."

गाडी गेली. मी 'दवाखाना' टिपू की 'इतर' असा विचार केला आणि 'इतर' टिपलं.

दुपार कलायला लागली होती. गर्दी ओसरली होती. एवढ्यात बालाजी मोटरसायकलवर उलटा आला, घामाघूम. गाडी स्टँडवर न लावताच म्हणाला, "ताई, चला बरं."

"काय झालं? अण्णा बरे आहेत ना?"

"जेवंनात. पूजा झाली, समदं झालं. आंबील तोंडाला लावली तर मान फिरवायलेत. पयली पत्रावळ त्या बाईची, ती येतो म्हनली हाय, तिच्या आदी मी घास घ्यायचो न्हाई म्हनायलेत. सकाळधरनं पानी बी न्हाई पोटात. समदी पंगत खोळंबून बसली, लेकरं रडायलीत." मग त्याचा आवाज बदलला. "ताई, उंद्याला नळी घालतेत हो."

सर्वेच्या ठिकाणाहून सुपरवायझरनं हलायचं नसतं. मी तेच म्हणाले. पण खरं कारण ते नव्हतं.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते, म्हणून आम्ही मुदखेडचे झालो. मी लहान असताना एका येळवशीला आबा मला जुन्या गावी घेऊन गेले. ज्यांच्या रानात आजोबा राबले होते त्या घरचं बोलावणं होतं. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. रानात गेल्यावर बाकीचे खोपीत बसले आणि आमच्या पत्रावळी बांधावर मांडल्या. एक बाई लांबूनच वरून वाढत आली. आबांनी शिवी दिली नाही, पत्रावळही लाथाडली नाही. त्यांनी माझा हात धरला, "घरी जाऊन जेवू," म्हणाले, आणि आम्ही स्टेशनापर्यंत चालत आलो. त्यानंतर आबा कुणाच्याही रानात गेले नाहीत. मीही गेले नाही. येते म्हणत राहिले.

मोहसीनला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "जाव ताई. मी बघतो इथलं. आज समदं इतरच हाय, इतर तर मला बी लिवता येतंय." आणि मला बालाजीच्या मागं बसवूनच तो गप्प झाला.

निंबाखाली खोप होती. चांगली मोठी, नव्या कडब्याची. बाहेर लेकरं धुळीत बसलेली. मला बघून एक जण ओरडला, "आली ती बाई! आता जेवायला भेटतंय!" आत सगळा गोतावळा पत्रावळी समोर ठेवून ताटकळत बसला होता, आणि मधे गोधडीवर, भिंतीला म्हणजे कडब्याला टेकून, अण्णा. माझी पत्रावळ त्यांच्या शेजारी मांडली होती. मी दारातच थबकले. त्यांच्या दुसऱ्या बाजूला त्यांची थोरली बहीण बसली होती, आक्का. मी आत पाऊल टाकलं तशी आक्कांनी आपली पत्रावळ जराशी पलीकडं सरकवली. फार नाही, चार बोटं. मी पाहिलं. अण्णांनीही पाहिलं.

"आक्के, गरमायलं का?" अण्णा म्हणाले. "मग भायेर निंबाखाली बस. तितं वारं लई हाय."

आक्का बसल्या तिथंच बसून राहिल्या आणि मी अण्णांच्या शेजारी बसले. सुनेनं माझ्या पत्रावळीवर भज्जी वाढली, उंडे वाढले, वाटीत आंबील ओतली. सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मला घास उचलवेना. मग मी जे कधी कुणाला बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, "अण्णा, माझ्या वडलांना याच भागात बांधावर वाढलं होतं. ते न जेवता उठले. त्यानंतर मी आजच कुणाच्या खोपीत बसले."

अण्णा म्हणाले, "तुमच्या वडलाला कोनी वाढलं मला ठाव न्हाई. पर आमच्या बी बांधावर तसंच वाढायचे. माझी माय वाढायची अन् मी पानी वतायचो. पोरगा व्हतो. वरून वतायचं, तांब्या लागू द्यायचा न्हाई, आसं शिकिवलं व्हतं. एका म्हाताऱ्यानं वंजळ धरली व्हती, अन् पानी समदं त्याच्या कोपरावरनं खाली गेलं. त्याला घोट बी भेटला न्हाई. मी हासलो व्हतो." त्यांना धाप लागली. "दवाखान्यात पडून पडून त्येच दिसायलं. आन्न उतरंना. तुमचं आडनाव ऐकलं अन् म्हनलं, आता हिच्या आदी न्हाई."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून आमच्या माणसांनी आता जेवायलाही यायचं का, असं जिभेवर आलं होतं. आणि त्याच वेळी त्यांचे हात दिसत होते, सलाईनच्या सुयांनी काळेनिळे झालेले, आणि त्यांच्या पुढ्यातली न उष्टावलेली वाटी. दारात लेकरं उभी होती. सून माझ्याकडं बघत होती, तिच्या डोळ्यांत उद्याची ती नळी होती. राग घेऊन मी घरी जाऊ शकत होते, तो कुठं पळून जाणार नव्हता. पण त्या सुनेला रिकाम्या हातानं उठवायची माझी छाती झाली नाही.

मी उंडा मोडला, भज्जीला लावला आणि खाल्ला. चव आजही जिभेवर आहे. दुसरा घास घेतला. मग म्हटलं, "मी जेवायला लागले, अण्णा. आता तुम्ही. बाकीचं मागून बोलू."

अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. थोडी सांडली. मी खालून वाटीला हात लावला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला आणि गिळला. मग दुसरा. वाटी रिकामी झाली तेव्हा सुनेनं तोंडाला पदर लावला आणि ती खोपीबाहेर जाऊन उभी राहिली. पंगतीत एकदम गलका सुरू झाला, हे वाढ, ते वाढ. आक्का मला म्हणाल्या, "खीर घे की गं. लाजायलीस का?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं वाढली. पत्रावळ मात्र पुन्हा अलीकडं सरकवली नाही. माणूस एका दिवसात किती सरकणार? मी खीर खाल्ली.

निघताना टोळीसाठी आंबिलीची कळशी आणि पातेलंभर भज्जी बालाजीनं गाडीवर बांधली. हद्दीवर तंबूत मोहसीन, पोरं आणि बंदोबस्ताचा कानडी हवालदार सगळे एकत्र बसून जेवले. त्या जेवणाबद्दल, त्या बोलावण्याबद्दल, आणि अण्णांनी न विचारता जे सांगून टाकलं त्याबद्दलही, मी त्या घराची ऋणी आहे. हे म्हणायला मला वेळ लागला, पण आता मनापासून म्हणते.

दिवस मावळायच्या सुमारास मी मुदखेडला आबांना फोन केला. आबा आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. मी सगळं सांगितलं, आडनाव, पहिली पत्रावळ, खोप, पाणी, माझा राग. सांगताना मला धाकधूक होती. आबा आता विचारतील, कशाला गेलीस? नाहीतर विचारतील, कुठं बसवलं तुला? मी उत्तर तयार ठेवलं होतं.

आबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "अन् म्हातारा जेवला का?"

"जेवले आबा. वाटीभर आंबील प्याले."

"मग झालं," आबा म्हणाले. "उपाशी माणसावर काय राग धरायचा?"

अण्णांना नळी घालावी लागली नाही. बालाजी अधूनमधून फोन करतो. आता ते काठी टेकत बांधापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडतात, म्हणजे ठणठणीत आहेत. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा येळवस जवळ आलेली असेल. या वर्षीचं बोलावणं मला आणि आबांना, दोघांना आहे. आबा आधी हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. परवा मात्र स्वतःहून म्हणाले, रिकाम्या हातानं जायचं नसतं, अर्धापूरची केळी घेऊ. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती बाधत नाहीत.